ऐनवेळी घरी कोण थांबणार? कंपनीची ‘बॅकअप केअर’ आणि तुमचे प्रश्न

मागच्या अंकात आम्ही विचारलं होतं की मूल किंवा घरातलं म्हातारं माणूस सांभाळायला तुमची कंपनी काही मदत करते का, आणि करत असेल तर ती वेळेला उपयोगी पडते का. पत्रं भरपूर आली, त्यातली काही इथे घेतलीयेत. ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी आधी थोडक्यात सांगते. मावशी आल्या नाहीत, पाळणाघर बंद आहे, रेड अलर्टमुळे शाळेला सुट्टी पण ऑफिस चालू, आईजवळ बसणारी बाई अचानक गावाला गेली, अशा दिवशी कंपनीने आधीच ठरवून ठेवलेली संस्था त्या दिवसापुरती सोय करते. वर्षाला ठरावीक दिवस मिळतात, थोडे पैसे आपण भरायचे, बाकीचे कंपनी भरते. अमेरिकेत हे जुनं आहे, तिथली ब्राइट होरायझन्स ही यातली मोठी कंपनी १९८६ ची. आपल्याकडे आयटीवाल्या आणि परदेशी कंपन्यांच्या ऑफिसांमधून ते आता थोडं थोडं दिसायला लागलंय.

प्रश्न : माझा मुलगा चौदा महिन्यांचा आहे, मी आणि नवरा दोघंही हिंजवडीला. कंपनीने यावर्षी दहा दिवसांचं बॅकअप डे-केअर दिलंय, मेल आला तेव्हा फार बरं वाटलं होतं. परवा सकाळी सात वाजता मावशींचा फोन आला की अंगात ताप आहे, येत नाही. मी लगेच अॅपवर बुकिंग केलं तर म्हणे तुमची नोंदणी अपूर्ण आहे. सेंटरला फोन केला तर लसीकरणाचं कार्ड हवं, फॉर्म हवा, फोटो हवेत. शेवटी नवऱ्याने सुट्टी घेतली. मग या सोयीचा उपयोग काय? – एक आई, पिंपळे सौदागर

उपयोग आहे, पण त्याची तयारी आज करायला लागते, त्या सकाळी नाही. तुमचा वैताग मला पूर्ण पटतो, कारण कंपन्या मेल पाठवून मोकळ्या होतात आणि नोंदणी करून घ्यायचं काम कुणीच अंगावर घेत नाही. पण सेंटरवाल्यांचंही बरोबर आहे हो. अनोळखी मूल, त्याला कशाची अॅलर्जी आहे माहीत नाही, कुठल्या लसी झाल्यात माहीत नाही, संध्याकाळी न्यायला कोण येणार तेही माहीत नाही, अशा मुलाला जे सेंटर सात वाजताच्या फोनवर आठ वाजता घेईल तिथे मी माझं मूल ठेवणार नाही.

तर या आठवड्यात बसून ते सगळं करून टाका. लसीकरणाच्या कार्डाचा फोटो, बाळाच्या डॉक्टरांचं नाव-नंबर, रक्तगट, अॅलर्जी, आणि तुम्हा दोघांशिवाय मूल न्यायला येऊ शकणाऱ्या एका माणसाचं ओळखपत्र. मग एखाद्या शनिवारी मुलाला घेऊन स्वतः जाऊन या, तासभर तिथे बसा, त्याला खेळू द्या, आणि जमलं तर दहातला एक दिवस मुद्दाम साध्या दिवशी वापरा, म्हणजे तुम्हाला घाई नाही, मीटिंग नाही, मूल फारच रडलं तर दुपारी जाऊन आणता येतं. चौदा महिन्यांचं मूल म्हणजे आई दिसेनाशी झाली की जीव कासावीस होण्याचं वय. त्याने पहिल्यांदा ती जागा बघायची ती आई आधीच टेन्शनमध्ये असलेल्या सकाळी, हे टाळता येत असेल तर टाळाच.

तिथे गेलात की काही गोष्टी विचारून घ्या. एका ताईकडे किती मुलं असतात? केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने नोव्हेंबर २०१८ मध्ये पाळणाघरांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या होत्या, त्यात तीन वर्षांखालच्या दहा मुलांमागे एक मोठं माणूस आणि तीन ते सहा वयाच्या वीस मुलांमागे एक, असं म्हटलंय. माझ्या मते दहासुद्धा जास्तच आहेत, त्यामुळे त्याहून जास्त असतील तर सरळ बाहेर पडा. अर्धा दिवस ठेवलं तर अख्खा दिवस कापतात का? बुकिंग रद्द केलं तर दिवस जातो का? आणि सगळ्यात महत्त्वाचं, मुलालाच ताप असेल तर काय? कारण बहुतेक पाळणाघरं ताप असलेलं मूल घेत नाहीत, आणि ते योग्यच आहे, मग त्या दिवशी घरी माणूस पाठवायची सोय तुमच्या प्लॅनमध्ये आहे का ते बघा. नसेल तर मूल आजारी पडेल तेव्हा हे दहा दिवस काही कामाचे नाहीत, म्हणजे तुम्हा दोघांच्या रजेतले काही दिवस त्यासाठी बाजूला ठेवायलाच लागतील.

अजून एक. गणपती, दिवाळी आणि मे महिन्यात सगळ्यांच्याच मावशी गावाला जातात, तेव्हा या जागा सगळ्यात आधी भरतात. मावशींना आत्ताच विचारा की कधी जाणार आहात, आणि ते दिवस आधीच बुक करून टाका.

प्रश्न : मी पुरुष आहे, मुलगी अडीच वर्षांची, बायको शिक्षिका आहे. आमच्या कंपनीत तीनशेच्या आसपास लोक आहेत. पाळणाघराबद्दल विचारलं तर एचआर म्हणाली की ते महिला कर्मचाऱ्यांसाठी असतं, आणि तसंही आपण आता बॅकअप डे-केअरचे दिवस देतो त्यामुळे पाळणाघराची गरज नाही. हे बरोबर आहे का? – एक बाबा, ठाणे

नाही. यातलं दुसरं वाक्य मला जास्त खटकलं म्हणून आधी त्याच्याबद्दल बोलते, कारण हल्ली हे उत्तर बऱ्याच ठिकाणी ऐकू यायला लागलंय.

मॅटर्निटी बेनिफिट कायद्यात २०१७ साली दुरुस्ती झाली. सव्वीस आठवड्यांची रजा सगळ्यांना माहितीये, पण त्याच दुरुस्तीत कलम ११-अ आलं की ५० किंवा त्याहून जास्त कर्मचारी असतील तिथे पाळणाघराची सोय पाहिजे, आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाऊ द्यायचं, त्यात तिची नेहमीची मधली सुट्टीही धरलेली आहे. तीच तरतूद आता सामाजिक सुरक्षा संहिता २०२० च्या कलम ६७ मध्ये आहे आणि ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालीये. पाळणाघर कंपनीने स्वतःच काढलं पाहिजे असं नाही, चार कंपन्यांनी मिळून चालवलेलं, नगरपालिकेचं, खासगी किंवा संस्थेचं असंही चालतं. पण ती रोजची सोय आहे. वर्षातून दहा दिवसांची बॅकअप केअर ही त्याच्यावरची जास्तीची सोय झाली, त्याच्याऐवजी दिलेली नव्हे. कंपनी चांगल्या मनाने देत असेल तर आनंदच आहे, पण ते दाखवून कायद्यातली गोष्ट टाळत असेल तर ते चालू देऊ नका.

आता बाबांबद्दल. चार वेळा जाऊन यायची मुभा कायद्याने आईच्या नावाने दिलीये हे खरं, कारण त्यामागे अंगावर पाजणाऱ्या बाईचा विचार आहे. पण ५० चा आकडा एकूण कर्मचाऱ्यांचा आहे, बायकांचा नाही, आणि हे फार विचारपूर्वक केलेलं आहे असं मला वाटतं. जुन्या फॅक्टरी कायद्यात तीसपेक्षा जास्त स्त्री कामगार असतील तरच पाळणाघर लागायचं, म्हणजे बायका जास्त घेतल्या की मालकाचा खर्च वाढणार. एकूण माणसं मोजली की ती अडचणच राहत नाही. वर ज्या २०१८ च्या सूचना सांगितल्या त्यात सहा महिने ते सहा वर्षं वयाच्या, सगळ्या कर्मचाऱ्यांच्या मुलांसाठी सोय असावी असंच धरलंय, कंत्राटी आणि रोजंदारीवरचे लोकसुद्धा त्यात आले. तुम्ही एचआरला हे मेलवर लिहा, तोंडी नको, आणि एकटे लिहू नका, अजून चार-पाच बाबांना बरोबर घ्या. मूल सांभाळणं हा बाईचाच प्रश्न आहे असं कंपनीने धरलं तर बायको तिच्या शाळेत आणि तुम्ही तुमच्या ऑफिसात, दोघंही अडकता.

प्रश्न : ताई नमस्कार. आई ७४ वर्षांची, सांगलीत असते, फेब्रुवारीत पॅरालिसिसचा झटका आला, डावी बाजू गेली. वडील आहेत पण त्यांचंही वय झालं. मी वाशीला एका लॉजिस्टिक्स कंपनीत, एकुलता एक. ब्यूरोतून बाई ठेवलीये पण दर दीड-दोन महिन्यांनी ती जाते आणि दुसरी येईपर्यंत मला धावायला लागतं. कंपनीने ‘एल्डर केअर’ म्हणून काहीतरी सुरू केलंय पण ते फक्त मोठ्या शहरांत चालतं, सांगली त्यात नाही. माझ्यासारख्याने काय करायचं? – एक मुलगा, नवी मुंबई

तुमचं पत्र वाचून मी बराच वेळ थांबले, कारण महाराष्ट्रात नोकरी करणाऱ्या निम्म्या माणसांची गोष्ट अशीच असणार असं मला वाटतं, नोकरी मुंबई-पुण्यात आणि आईवडील सांगली, लातूर, जळगाव, चिपळूणला. आणि कंपन्यांच्या योजना मात्र नोकरी जिथे आहे ते शहर धरून आखलेल्या.

एक गोष्ट स्पष्ट सांगते. मुलांसाठी निदान पाळणाघराचा कायदा आहे, आईवडिलांची सेवा करायला खासगी नोकरीत वेगळी रजा किंवा सोय देणारा कायदा आपल्याकडे नाही. २००७ चा ज्येष्ठ नागरिक कायदा आहे, तो मुलांवर जबाबदारी टाकतो, पण ती पार पाडायला नोकरीतून वेळ कसा काढायचा याबद्दल तो काही बोलत नाही. त्यामुळे इथे जे काही मिळेल ते कंपनीशी बोलूनच मिळणार आहे, आणि बोलायचं ते नेमकं बोलायचं.

कंपनीकडे मागा ते हे: तुमच्या संस्थेचं सांगलीत कुणी नाही ना, मग मी सांगलीत ठेवलेल्या माणसाची पावती लावतो, संस्थेला एका दिवसाचे जेवढे पैसे देता तेवढे मला परत द्या. परदेशात अशा योजनांमध्ये हा पर्याय असतो, जिथे संस्थेचं जाळं पोचत नाही तिथे तुमच्या ओळखीच्या माणसाला दिलेले पैसे परत मिळतात. कंपनीला यात जास्तीचा खर्च काही नाही, वर्षाचे दिवस ठरलेलेच आहेत. फक्त ब्यूरोकडून दर वेळी नाव, तारखा आणि रकमेची पावती घ्यायची सवय लावा, जीपेवर पाठवून विसरून गेलं की नंतर दाखवायला काही राहत नाही.

आणि मेडिक्लेमच्या भरवशावर राहू नका. कंपनीच्या ग्रुप पॉलिसीत आईवडील असले तरी ती मुख्यतः हॉस्पिटलात अॅडमिट झाल्यावरचा खर्च देते, घरी उशाशी बसणाऱ्या बाईचा पगार त्यात सहसा बसत नाही. बरेच लोक हे बिल टाकून बघतात आणि मग निराश होतात.

आता ब्यूरोचं. बाई सारखी का जाते हे एकदा नीट विचारा, ब्यूरोला नाही, बाईलाच. २४ तासांची ड्यूटी म्हणून ठेवतात आणि रात्री दर दोन तासांनी कूस बदलायला उठवतात, दिवसा परत तीच बाई, वर स्वयंपाकही तिनेच करावा अशी घरच्यांची अपेक्षा. कुठलंही माणूस दोन महिन्यांच्या वर टिकणार नाही. पॅरालिसिसच्या पेशंटला कूस बदलावीच लागते, नाहीतर पाठीला बेडसोर होतात, म्हणजे हे काम कमी करता येत नाही, मग माणसं तरी वाढवायला लागतात. परवडत असेल तर बारा-बारा तासांच्या दोन बायका, नाही तर २४ तासांच्या बाईला दुपारी सलग चार तास झोप आणि आठवड्याला एक पूर्ण सुट्टी. त्या सुट्टीच्या दिवशी येणारी बाई कायम एकच ठेवा, म्हणजे पहिली गेली की दुसरीला आई ओळखत असते, कुठलं औषध कधी, सगळं तिला माहीत असतं. तुमची खरी बॅकअप केअर हीच. कंपनीच्या पैशांतून या आठवड्याच्या एका दिवसाचा खर्च निघाला तर त्याहून चांगला वापर मला सुचत नाही.

ब्यूरोशी ठरवतानाच लेखी घ्या की बाई गेली तर बदली किती दिवसांत देणार, आणि नाही दिली तर आगाऊ भरलेले पैसे परत की नाही. आधार कार्डाची प्रत, पोलीस पडताळणी, आणि ती आया आहे की शिकलेली नर्स हेही विचारा, कारण आया आंघोळ घालेल, भरवेल, गोळ्यांची आठवण करेल, पण इन्शुलिनचं इंजेक्शन किंवा नाकातली नळी हे तिचं काम नाही, तिच्याकडून ते करून घेऊ नये. आणि भिंतीवर एक मोठ्या अक्षरातला कागद लावा: औषधं आणि वेळा, आई काय गिळू शकते काय नाही, बीपी किती वर गेलं तर डॉक्टरांना फोन, फिजिओथेरपीचे व्यायाम, शेजाऱ्यांचा नंबर. नवी बाई आली की वडिलांना परत पहिल्यापासून सांगत बसायला नको.

रजेचं म्हणाल तर महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात तुमचं पद बसत असेल, तर वर्षाला आठ दिवस किरकोळ रजा पगारी मिळते आणि हक्काची रजा ४५ दिवसांपर्यंत साठवता येते. त्यातले पंधरा दिवस तरी आईसाठी म्हणून शिल्लक ठेवा. वडिलांना १४५६७ हा ज्येष्ठांच्या हेल्पलाइनचा नंबर फोनमध्ये सेव्ह करून द्या, देशभर एकच आहे, फुकट आहे. आणि हो, वडिलांची तब्येतसुद्धा बघा, आईच्या मागे त्यांचं बीपी कुणी तपासत नाही.

प्रश्न : आम्ही एडिसन, न्यू जर्सीला असतो. सासूबाई नाशिकहून सहा महिन्यांसाठी आल्यात, बाथरूममध्ये पडून मनगट फ्रॅक्चर झालं. माझ्या कंपनीत वर्षाला पंधरा दिवस बॅकअप केअर आहे, मुलांसाठी आणि मोठ्यांसाठी. सासूबाईंना चालेल का? टॅक्स लागतो का? आणि माझे बाबा सांगोल्याला असतात, त्यांची बायपास ठरतेय, त्यासाठी रजा मिळेल का? – एक सून आणि मुलगीही

तीन वेगळे प्रश्न आहेत आणि तिन्हींची उत्तरं वेगवेगळ्या नियमांत आहेत, त्यामुळे जरा सावकाश वाचा.

सासूबाईंना चालेल का हे तुमच्या कंपनीच्या प्लॅनमध्ये कुटुंबात कोण कोण धरलंय त्यावर आहे, तेवढं एक वाक्य बेनिफिट्सवाल्यांकडून मेलवर मागून घ्या. धरलं असेल तर घरी हेल्थ एड येते, कपडे घालायला, आंघोळीला, जेवायला मदत करते, सोबत बसते. सासूबाईंना इंग्रजी येत नसेल तर बुकिंग करताना हिंदी किंवा गुजराती बोलणारी बाई मिळेल का विचारा, एडिसनसारख्या गावात मिळूही शकते, आणि पहिल्या दिवशी तुमच्यापैकी एकाने घरून काम करा. परक्या देशात, हात प्लास्टरमध्ये आणि आंघोळ घालायला अनोळखी बाई, हे त्यांच्यासाठी फार अवघड असणार आहे. व्हिजिटर इन्शुरन्सवर विसंबू नका, घरी येणाऱ्या मदतनिसाचा खर्च त्यात सहसा मिळत नाही.

टॅक्स. मुलांच्या बाबतीत, म्हणजे तेरा वर्षांखालच्या, कंपनीने दिलेली सांभाळाची मदत एका मर्यादेपर्यंत करमुक्त असते. ही मर्यादा १९८६ पासून ५,००० डॉलरवर अडकलेली होती (मधलं कोविडचं एक वर्ष सोडून), ती २०२६ पासून ७,५०० झालीये. लक्षात ठेवायचं ते असं की डिपेंडंट केअर एफएसएमध्ये (म्हणजे सांभाळाच्या खर्चासाठी टॅक्स कापायच्या आधी पगारातून पैसे बाजूला टाकायच्या खात्यात) तुम्ही स्वतः टाकलेले पैसे आणि कंपनीने बॅकअप केअरसाठी भरलेले पैसे एकाच मर्यादेत मोजले जातात, डब्ल्यू-२ या पगाराच्या वार्षिक फॉर्मच्या दहा नंबरच्या रकान्यात दोन्ही मिळून दिसतात. एफएसए काठोकाठ भरला असेल तर वरचं करपात्र होतं. सासूबाईंचं मात्र या सवलतीत बसणं कठीण, कारण त्यासाठी त्या तुमच्यावर कायद्याने अवलंबून असाव्या लागतात, आणि व्हिजिटर व्हिसावर आलेलं माणूस सहसा त्यात येत नाही. मग कंपनीने भरलेली रक्कम तुमच्या पगारात धरली जाऊ शकते. तरी वापरा, सगळा खर्च स्वतः करण्यापेक्षा त्यावरचा टॅक्स भरणं कितीतरी स्वस्त.

आता रजा, आणि इथे आपल्या घरांना बसणारी एक मोठी मेख आहे. अमेरिकेच्या केंद्र सरकारचा एफएमएलए (फॅमिली अँड मेडिकल लीव्ह अॅक्ट) हा १९९३ चा कायदा बारा आठवड्यांची बिनपगारी रजा देतो, नोकरी राखून, पण त्यात स्वतःचे आईवडील धरलेत, सासू-सासरे नाहीत. न्यू जर्सीच्या राज्य कायद्यात मात्र सासू-सासरे आहेत. राज्याच्या फॅमिली लीव्ह इन्शुरन्समधून घरच्या गंभीर आजारी माणसाच्या देखभालीसाठी बारा आठवड्यांपर्यंत पगाराचा काही भाग मिळू शकतो, आणि २०१८ पासून तिथे तीस तास कामामागे एक तास अशी, वर्षाला चाळीस तासांपर्यंत पगारी आजारी-रजा साठते, ती घरच्यांसाठीही वापरता येते. मनगटाच्या डॉक्टर-फेऱ्यांना ही चाळीस तासांची रजा पुरेल असं वाटतं. फक्त एवढं ध्यानात ठेवा की पैसे देणारा कायदा वेगळा आणि नोकरी राखणारा वेगळा, दोन्हींचे अर्ज करायचे.

बाबांसाठी एफएमएलए लागू पडतो, ते भारतात असले तरी. बारा महिने नोकरी, मागच्या बारा महिन्यांत १,२५० तास काम, आणि कंपनीची पन्नास माणसं पंचाहत्तर मैलांच्या आत, एवढं असलं पाहिजे. तिथल्या डॉक्टरांचं सर्टिफिकेट कंपनीला मान्य करायला लागतं, असं नियमातच आहे, आणि ते मराठीत असेल तर कंपनीने मागितल्यावर इंग्रजी भाषांतर तुम्ही द्यायचं. सर्जनना आत्ताच सांगून ठेवा की ऑपरेशनची तारीख, किती दिवस घरी कुणीतरी लागेल, हे स्पष्ट लिहा, नुसतं ‘विश्रांती आवश्यक’ नको. ऑपरेशन आधी ठरलेलं असेल तर कंपनीला तीस दिवस आधी कळवायचं असतं. आणि बायपासनंतर घरी आल्यावरचे पहिले दोन-तीन आठवडे जास्त कठीण असतात, हॉस्पिटलात नर्सेस असतात, त्यामुळे रजा ऑपरेशनच्या दिवशीच सगळी संपवू नका.

प्रश्न : नाशिकच्या अंबड एमआयडीसीत आमचा कारखाना आहे, माणसं सत्तरच्या आसपास, त्यात बायका अठरा. मालकांना काहीतरी करायचंय पण मोठ्या कंपन्यांसारखं बजेट नाही. मी एचआर आणि अकाउंट्स दोन्ही बघते. सुरुवात कुठून करू? – एक एचआर, नाशिक

पत्र लिहिलंत यातच तुम्ही बऱ्याच लोकांच्या पुढे गेलात. सत्तर माणसं म्हणजे पाळणाघराची जबाबदारी तुमच्यावर आहेच, त्यामुळे तिथून सुरू करा. शेजारच्या तीन-चार कारखान्यांच्या एचआरना एकत्र बोलवा आणि एक पाळणाघर मिळून चालवा किंवा जवळच्या चांगल्या पाळणाघराशी करार करा. अंतर कमी ठेवा, २०१८ च्या सूचनांत पाचशे मीटर म्हटलंय. शिफ्टच्या वेळा जुळल्या पाहिजेत, कारण सात वाजताची शिफ्ट आणि नऊला उघडणारं पाळणाघर म्हणजे सोय असून नसल्यासारखी.

त्याच पाळणाघरात दोन जागा रोजच्या मुलांपेक्षा जास्तीच्या ठेवायला सांगा, त्यांचं भाडं कंपनीने भरायचं. शाळेत जाणारी पाच-सहा वर्षांची मुलं सुट्टीच्या दिवशी तिथे येतील, कुणाची आजी आजारी पडली तर नातू येईल. लहान कारखान्याला परवडेल अशी बॅकअप केअर हीच, याला कुठलं अॅप लागत नाही, एक वही आणि एक फोन पुरतो.

आईवडिलांसाठी पैशांपेक्षा वेळेची लवचीकता द्या. शिफ्ट आपसात बदलून घ्यायची मुभा, अर्ध्या दिवसाऐवजी दोन तासांची रजा, आणि सुपरवायझरला स्पष्ट सूचना की वडिलांना डायलिसिसला नेणाऱ्या माणसाला रोज कारण विचारायचं नाही. जे ठरेल ते नोटीस बोर्डवर मराठीत लावा, पुरुषांनाही लागू आहे हे त्यात लिहा. नाहीतर अठरा बायकांना माहीत होतं आणि बाकीच्यांना वाटतं हे आपलं नाही.

प्रश्न : कंपनी पाळणाघराचे पैसे पगारात देते, त्यावर टॅक्स कापला. बरोबर आहे का? – पुणे

पगारात भत्ता म्हणून हातात आले की ते साधारण पगारासारखेच धरले जातात, त्यामुळे कापला असेल. कंपनीने थेट पाळणाघराशी करार करून सोय दिली तर हिशोब वेगळा होऊ शकतो, तुमच्या सीएला विचारा आणि कंपनीलाही सुचवा.

प्रश्न : माझ्या सासऱ्यांना सांभाळायला ज्या ताई येतात त्यांची मुलगी चार वर्षांची आहे. ती आजारी असली की त्या येत नाहीत, मग मी घरी. मला माझ्या कंपनीकडून सोय मिळते, त्यांना कोण देणार? मला हे विचारतानासुद्धा अपराधी वाटतं. – एक वाचक, डोंबिवली

अपराधी वाटायचं कारण नाही, हा प्रश्न विचारला गेला नाही तर बाकीची सगळी उत्तरं अर्धवट राहतात. तुमची बॅकअप केअर म्हणून जी बाई येते तिच्याही घरी कुणीतरी लहान किंवा म्हातारं असतंच, आणि पन्नास कर्मचाऱ्यांचा कायदा तिच्यापर्यंत पोचत नाही कारण तिचं कामाचं ठिकाण म्हणजे तुमचं घर.

असंघटित बायकांच्या मुलांसाठी आपल्याकडे काम झालंच नाही असं नाही. १९६९ साली मीरा महादेवन यांनी दिल्लीत बांधकामाच्या जागेवर तंबूत पहिलं मोबाइल क्रेश, म्हणजे फिरतं पाळणाघर, सुरू केलं, मुंबई-पुण्यातही बांधकामांवर अशी पाळणाघरं चालत आलीत. १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्यात पन्नासपेक्षा जास्त स्त्री कामगार असतील तिथे सहा वर्षांखालच्या मुलांसाठी जागा द्यायला सांगितलं होतं. आणि सरकारची ‘पाळणा’ योजना आहे, मिशन शक्तीखाली, सहा महिने ते सहा वर्षांच्या मुलांसाठी, महिन्याला २६ दिवस आणि दिवसाला साडेसात तास, काही ठिकाणी अंगणवाडीलाच जोडून. तुमच्या भागातल्या अंगणवाडी सेविकेला जाऊन विचारा की जवळ असं केंद्र आहे का, ताईंबरोबर तुम्ही स्वतः जा, फॉर्म भरायला मदत करा. नसेल तर जवळच्या एखाद्या पाळणाघरवाल्या काकूंकडे त्या मुलीसाठी जागा ठरवा आणि निम्मे पैसे तुम्ही भरा, तुमच्या सोसायटीत अशा कामाला येणाऱ्या चार-पाच जणी असतील तर चार-पाच घरांनी मिळून भरा.

पण मुलगी आजारी असते त्या दिवशी तिला पाळणाघरही घेणार नाही, आणि तिला आईच हवी असते. त्या दिवशी ताईंचा खाडा कापू नका, त्यांना पगारी रजा द्या, महिन्याला निदान दोन तरी, आणि कंपनीकडून तुम्हाला मिळालेले बॅकअपचे दिवस त्याच दिवसांसाठी राखून ठेवा.